एका वाक्यात उत्तरे लिहा

चाचणी असो की वार्षिक, प्रश्नपत्रिकेत त्याची जागा ठरलेली असे. रिकाम्या जागा भरून झाल्या, जोड्या लावून झाल्या की तो यायचा: 'एका वाक्यात उत्तरे लिहा.' गुण प्रत्येकी एक. 'कारणे द्या'सारखी दमछाक नाही, 'टिपा लिहा'सारखी पानं भरायला नकोत. नियम एवढाच, की उत्तर पूर्ण वाक्यात हवं. म्हणून प्रश्नातलेच शब्द उचलून मांडायचे, मध्ये एखादा शब्द आपला घालायचा आणि पूर्णविराम द्यायचा. सुगरण पक्षी घरटे कशामुळे बांधू शकतो? सुगरण पक्षी घरटे सहजप्रेरणेमुळे बांधू शकतो. सरपंचाची निवड कोण करते? सरपंचाची निवड ग्रामपंचायतीचे सदस्य करतात. बहुतेक वाक्य प्रश्नाचंच, गुण मात्र पूर्ण आपल्याला.

या प्रश्नाशी माझं नातं जन्मभराचं आहे. आधी ही उत्तरं मी लिहिली, मग डी.एड.ला ती कशी लिहून घ्यायची ते शिकले, मग सेवेत असेपर्यंत असले प्रश्न काढले आणि लाल शाईने तपासले. सगळ्या विषयांना तो सारख्याच आवाजात विचारला जायचा. विषय मात्र एकसारखे नव्हते. पाखराबद्दल एका वाक्यात सांगणं, माणसाबद्दल एका वाक्यात सांगणं आणि सरकारबद्दल एका वाक्यात सांगणं ही तीन निराळी कामं आहेत, हे वर्गात असताना अधूनमधून जाणवायचं. आता हाताशी वेळ आहे, तर ते जरा नीट मांडून बघावंसं वाटतं.

अलिबाग तालुक्यातलं आमचं गाव. पावसाळा लागला की विहिरीवर झुकलेल्या माडाच्या झावळ्यांना सुगरणींची घरटी लोंबू लागत. मराठीच्या तासाला भेटलेली बहिणाबाईंची सुगरण पिलांसाठी खोपा टांगणारी आई होती. विहिरीवर मात्र विणत असायचा तो पिवळ्या डोक्याचा नर. भाताच्या पातीला चोचीने खाच पाडायची, तिथे धरून उडायचं, की लांबलचक धागा सोलून निघायचा. तो घेऊन गडी झावळीवर उलटासुलटा लटकून टाके घालत बसायचा. घरटं अर्धं झालं की पंख फडफडवत आरडाओरडा सुरू. मग मातकट रंगाची मादी यायची, आत डोकवायची, विणीला चोच लावून बघायची आणि पुष्कळदा तशीच निघून जायची. "घर बघायला आलीवती," आमचे आप्पा म्हणायचे, "नाय आवडलं."

हे सगळं 'सहजप्रेरणा' या एका शब्दात बसवून मी एक गुण घेत असे. शब्द चुकीचा नव्हता. पण तो शब्द लिहिला की पुढे काही विचारायचं उरत नसे, आणि विहिरीवर तर दर वेळी नवंच काही चाललेलं असे.

शिक्षिका झाल्यावर सलीम अलींबद्दल वाचलं. जर्मनीहून शिकून परतल्यावर मुंबईत नोकरीचं काही जमेना, तेव्हा ते किहीमला येऊन राहिले होते. १९३०च्या पावसाळ्यात त्यांनी तिथल्या सुगरणींची वसाहत चिकाटीने न्याहाळली आणि पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. नर घरटं अर्ध्यावर आणून थांबतो. मादीने ते पसंत केलं की जोडी जमते, मग तो खालच्या नळीसकट काम पुरं करतो. मादी अंड्यांवर बसली की हा दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. आप्पांचं वाक्य शास्त्रालाही मान्य होतं तर! किहीम आमच्यापासून सायकलने जाण्याइतकं. ज्या प्रश्नाचं उत्तर आम्ही पुस्तकातून पाठ करत होतो, त्याच प्रश्नासाठी एक माणूस आमच्याच किनाऱ्यावर एक अख्खा पावसाळा बसून राहिला होता, आणि आमच्या पुस्तकात ना त्याचं नाव होतं, ना किहीमचं.

पुढे आणखी वाचत गेले तसतसं ते एक गुणाचं उत्तर उसवत गेलं. अमेरिकेतल्या निकोलस आणि एल्सी कॉलियास या दांपत्याने आफ्रिकेतल्या विणकर पक्ष्यांवर प्रयोग केले. कोवळ्या नरांना विणायला गवतपातच मिळू दिली नाही, तर मोठेपणी ते विणकामात मागे पडतात असं त्यांना दिसलं. म्हणजे ओढ जन्माची असली तरी हात बसायला सराव लागतो. २०११मध्ये बोत्स्वानातल्या विणकर पक्ष्यांच्या चित्रीकरणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच नराची दोन घरटी सारख्या पद्धतीने विणलेली नसतात, आणि अनुभव वाढतो तशा चोचीतून निसटणाऱ्या काड्या कमी होतात, असं त्यात आढळलं. गवताची काडी हातातून निसटणं आणि हळूहळू निसटायची थांबणं, हे तर मी पहिलीच्या वर्गात पेन्सिलीच्या बाबतीत दर जूनमध्ये पाहत आले होते.

मग प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन वाचनात आले. त्याच विषयातल्या लॉरेन्झ यांच्याबरोबर १९३८मध्ये त्यांनी रानहंसावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. घरट्याबाहेर गेलेलं अंडं मादी चोचीने लोटत आत आणते. मध्येच अंडं काढून घेतलं तरी ती नसलेलं अंडं लोटत मान आत ओढत राहते. सहजप्रेरणेचं याहून चोख उदाहरण मिळायचं नाही. पण याच टिनबर्गन यांनी १९६३मध्ये लिहिलं, की प्राणी अमुक का करतो हा एक प्रश्न नाही, ते चार प्रश्न आहेत. या क्षणी त्याला कशाने चेतवलं? त्याच्या आयुष्यात ही कृती कशी घडत आली? तिचा त्याला उपयोग काय? आणि त्याच्या पूर्वजांपासून ती कुठल्या वाटेने आली? चारही उत्तरं खरी, आणि एक दिलं म्हणून दुसरं द्यायचं टळत नाही. १९७३मध्ये लॉरेन्झ, टिनबर्गन आणि मधमाश्यांचा नाच उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश या तिघांना मिळून नोबेल मिळालं. वर्गात मी याचा उपयोग करून घेतला. सुगरणीचा प्रश्न फळ्यावर लिहायचा आणि चार बाकांना चार 'का' वाटून द्यायचे. परीक्षेत मुलं 'सहजप्रेरणेमुळे' असंच लिहीत, गुण घेत. तो कागदाचा व्यवहार होता, आणि तो त्यांना नीट कळत होता.

खुद्द सुगरणीला यातल्या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. आमचं उत्तर तोकडं असो की भरगच्च, जूनचा पाऊस पडला की ती आपली यायची.

माणसाचं तसं नसतं, हे कळायला डी.एड.चं मानसशास्त्र कामी आलं. अर्थात तिथे माणूस सुरुवातीला दिसलाच नाही. 'अध्ययनाच्या उपपत्ती' हा हमखास येणारा प्रश्न. वसतिगृहात रात्री आमची पाठांतरं चालत: पावलॉवचा कुत्रा, थॉर्नडाइकचं मांजर, स्किनरचा उंदीर, कोहलरचा चिंपांझी. अभिजात अभिसंधान, प्रयत्न-प्रमाद, साधक अभिसंधान, मर्मदृष्टी. जोड्या लावल्या की झालं. पावलॉवना १९०४चं नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी, आणि लाळेचा सगळा खटाटोप त्या कामाच्या पोटातूनच निघालेला, ही गोष्ट कुणी सांगितली असती तर तो कुत्रा आम्हांला जास्त लक्षात राहिला असता. या एवढ्या जनावरांच्या गर्दीत, उद्या ज्याला शिकवायचं तो आठ वर्षांचा पोर मात्र कुठेच नव्हता.

पुढे स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा प्रयोग वाचला आणि तो सरळ माझ्या वर्गात येऊन बसला. १९६१मध्ये येल विद्यापीठात त्यांनी स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी म्हणून माणसं बोलावली, चार डॉलर मानधन देऊन. आलेल्या माणसाला 'शिक्षक' करायचं. पलीकडच्या खोलीत 'विद्यार्थी'. शिक्षकाने शब्दांच्या जोड्या वाचायच्या, विद्यार्थ्याने जोडी लावायची. चुकला की विजेचा झटका, दर चुकीला पंधरा व्होल्टने वाढवत, पार चारशे पन्नासपर्यंत. झटके खोटे होते आणि विद्यार्थी सामील होता, पण शिक्षकाला ते ठाऊक नव्हतं. पलीकडून भिंतीवर धडका ऐकू आल्या आणि मग उत्तरंच येईनाशी झाली, तरीही शेजारचा कोटवाला प्रयोगकर्ता शांतपणे 'पुढे चालू ठेवा' म्हणत राहिला, आणि मिलग्रॅम यांनी १९६३मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चाळीसपैकी सव्वीस जण शेवटच्या बटणापर्यंत गेले.

जोड्या लावा, चुकलं की शिक्षा, आणि वरून आदेश आहे! शिक्षकी पेशातल्या कुणालाही यातलं काही परकं वाटू नये. या प्रयोगाचं एका वाक्यातलं उत्तर सगळीकडे ठोकून दिलं जातं: माणूस अधिकाऱ्याचं मुकाट ऐकतो. त्या प्रयोगाच्या पद्धतीवर आणि नैतिकतेवर पुढे पुष्कळ टीका झाली, ती वेगळीच. पण मिलग्रॅम यांनी हाच प्रयोग अनेक तऱ्हांनी केला होता, आणि त्या तऱ्हा उत्तरात येत नाहीत. आदेश देणारा खोलीबाहेर जाऊन फोनवरून सूचना देऊ लागला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे निम्म्याहून कमी झाले. आणखी एका तऱ्हेत शेजारी दोन सहशिक्षक बसवले होते. त्यांनी मध्येच 'आम्ही नाही करणार' असं सांगून हात काढून घेतला, तेव्हा चाळीसपैकी फक्त चौघेच शेवटपर्यंत गेले. मला या प्रयोगातला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. तशीच माणसं, तीच यंत्रं, तोच आदेश. बाजूच्या दोघांनी नाही म्हटलं एवढाच फरक.

शिवाय माणसाबद्दलचं उत्तर माणसाच्या कानावर जातं. १९६८मध्ये रोझेंथल आणि जेकबसन यांनी शिक्षकांच्या अपेक्षांवर एक पुस्तक लिहिलं. काही मुलं यंदा चमकणार आहेत असं शिक्षकांना आधी सांगून ठेवलं होतं. ती नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती, तरी लहान इयत्तांत त्यांतल्या बऱ्याच मुलांची प्रगती जास्त दिसली, असा त्यांचा दावा. त्यावर मोठा वाद झाला, आकड्यांवर शंका घेतल्या गेल्या. तो वाद तज्ज्ञांनी करावा. स्टाफरूममध्ये बसलेल्या माणसाला यातली खरी गोष्ट ओळखता येते. सुगरणीबद्दल पुस्तकात काहीही छापा, ती तशीच विणणार. 'हा ढ आहे' हे वाक्य मात्र ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंत पोचलं की तो त्या वाक्यासारखा वागू लागतो. माणसाबद्दलचं एका वाक्यातलं उत्तर नुसतं अपुरं नसतं, ते त्याला आपल्या मापाचं करून टाकतं.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा गुणांच्या जोडीला 'वर्णनात्मक नोंदी' करायच्या आल्या. प्रत्येक मुलाबद्दल, प्रत्येक विषयात. हेतू चांगला होता. पण थोड्याच दिवसांत बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली, आणि शाळाशाळांतून पोरं एकाच दिवशी 'परिसरातील घटकांची माहिती उत्साहाने सांगतो' अशी झाली. मी नोंदी स्वतःच्या लिहायचे. त्या लांबत, चौकटीबाहेर जात, आणि केंद्रप्रमुखांना ते फारसं रुचत नसे. 'समुद्राची भरती-ओहोटी वडिलांबरोबर होडीवर जाऊन शिकला आहे, पुस्तकातली आकृती त्याला उलटी वाटते' हे चौकटीत कसं मावणार?

पाखरू आणि सरकार यांना एकत्र आणणारा प्रश्न एका मुलीने विचारला. मधमाश्यांचा पाठ चालू होता: राणीमाशी, नर, कामकरी. "बाई, राणीमाशी म्हणजे सरपंच का?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. राणी पोळ्यावर राज्य करत नाही, ती अंडी घालते. तिला राणी करतात तेही कामकरी माश्या, अळीला शेवटपर्यंत विशेष खुराक भरवून. पोळं फुटून थवा नव्या जागेच्या शोधात निघतो तेव्हा जागा राणी ठरवत नाही. जाणत्या माश्या जागा बघून येतात आणि नाचून आपापल्या जागेचं वजन सांगतात. हे मार्टिन लिंडाउअर यांनी १९५०च्या दशकात टिपलं आणि टॉमस सीली यांनी पुढे नेलं. एखाद्या जागेवर पुरेशा माश्या एका वेळी जमल्या की निर्णय झाला. म्हणजे माश्यांनाही कोरम लागतो! आमच्या ग्रामसभेलाही लागतो: एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल ती. फरक एवढाच, की आमच्याकडे कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अटच नसते. माश्यांना ही सोय नाही.

तर सरपंच. सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासन असतं, आणि 'सरपंचाची निवड कोण करते?' हा प्रश्न ठरलेला. माझ्या शाळकरी वयात आणि नोकरीच्या बहुतेक काळात उत्तर एकच होतं: ग्रामपंचायतीचे सदस्य. २०१७मध्ये कायदा बदलला आणि उत्तर झालं: गावातील मतदार थेट निवडतात. २०२०मध्ये ते पुन्हा सदस्यांकडे गेलं. २०२२मध्ये परत मतदारांकडे आलं. प्रश्न शब्दानेही बदलला नाही. एकाच घरातल्या दोन भावंडांनी दोन वेगवेगळी उत्तरं लिहावीत आणि दोघांनाही पैकीच्या पैकी मिळावेत, असा हा विषय. सुगरणीबद्दलचं उत्तर बदललं ते कुणीतरी जाऊन नीट पाहिलं म्हणून. सरपंचाबद्दलचं बदललं ते कुणीतरी विधिमंडळात हात वर केला म्हणून. तिथे पाहण्यासारखं आधीपासून काही नसतंच. आपण ठरवू तेच उत्तर.

हे सगळ्यांत स्वच्छ कळलं ते गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाबद्दल वाचताना. गोंड आदिवासींचं छोटं गाव. तिथे गावकऱ्यांनी अभ्यासगट चालवले, जंगल कुणाचं, कायदा काय म्हणतो, सरकार म्हणजे कोण, असले शाळेतलेच प्रश्न घेऊन. निर्णय सर्वसहमतीने घ्यायचे, एकाचाही विरोध असेल तर थांबायचं. २००९मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. त्यांची घोषणा अशी: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' 'शासन म्हणजे काय?' या प्रश्नाला एका वाक्यातलं इतकं नेमकं उत्तर मी आयुष्यभर तपासलेल्या कागदांत मिळालं नव्हतं. ते पाठ केलेलं नव्हतं, वापरून वापरून बनलं होतं.

म्हणून या प्रश्नप्रकाराबद्दलचं माझं मत आताशा दुहेरी झालं आहे. पाखराला आणि पोराला तो लावू नये, असं मला ठामपणे वाटतं. सरकारला मात्र तो लावलाच पाहिजे. जे माणसांनी बनवलं, माणसांच्या पैशावर चालतं, त्याला आपल्या कामाबद्दल एका वाक्यात सांगता यायलाच हवं. निवृत्तीनंतर मी वाडीच्या नळपाणी योजनेबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज केला. २००५चा कायदा, दहा रुपयांचं तिकीट, आणि आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर, साधारण दीडशे शब्दांत. मला दीडशे लागलेच नाहीत. 'योजनेवर आजपर्यंत किती खर्च झाला?' एवढंच विचारलं होतं. उत्तर दोन पानी आलं. त्यात संदर्भ क्रमांक होते, 'सदर', 'उपरोक्त' आणि 'यथावकाश' होतं, पत्रव्यवहाराच्या तारखा होत्या. आकडा नव्हता.

वर्गातलं पोर असं करायचं तेव्हा मला त्याचा राग येत नसे. उत्तर येत नसलं की पोर पान भरतं, हे जुनंच आहे. पण त्या पोराला खरंच येत नसे, आणि या पानामागे बसलेल्यांपाशी आकडा होता.

सुगरणीबद्दल माझं वाक्य अपुरं राहिलं तर तो तिचा मोठेपणा. पोराबद्दलचं वाक्य मी मुद्दामच अपुरं ठेवीन, त्याला पुढे जायला जागा हवी. सरकारचं वाक्य अपुरं आलं तर शेरा मारून भागत नाही, पहिलं अपील करावं लागतं. मुदत ३० दिवसांची असते. मी विसाव्या दिवशी केलं.